भयानक रस आणि 'ग्रॅनी' : काही खेळणाऱ्यांची मते

साहित्यविचाराच्या तासाला आमचे सर भयानक रस शिकवीत होते. स्थायिभाव भय, वर्ण काळा, विभाव म्हणजे शून्य घर, अरण्य, विकृत आवाज, असे फळ्यावर लिहून होते न होते तोच शेवटच्या बाकावरून "मेलो!" असा दबका आवाज आला. वर्ग हसला. बाकाखाली मोबाईल होता हे सांगावयास नकोच. आम्हांला वाटले, आता मोबाईल जप्त होणार. पण सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "कसे मेलात, ते वर्गाला सांगा."

तो उभा राहिला. आधी अडखळला, मग रंगात आला. अंधारे घर, करकरणारी जमीन, हातातून पडलेली फुलदाणी, जिन्यावरची पावले, पलंगाखाली लपलेला तो स्वतः आणि पलंगासमोर येऊन थांबलेले दोन पाय. पाच मिनिटे वर्गात पंख्याखेरीज कशाचाही आवाज नव्हता. सांगून झाल्यावर सर एवढेच म्हणाले, "याला खेळताना जे वाटले ते आणि तुम्हांला आत्ता ऐकताना जे वाटले ते, एकच का? कुणीतरी यावर लिहा." इतर कुणी लिहिले नाही, म्हणून मी लिहीत आहे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. संस्कृत मला येत नाही. रसविचार मी मराठी पुस्तकांतून आणि सरांच्या टिपणांतून वाचला आहे. चुकले असेल तेथे प्राध्यापक मंडळींनी सांभाळून घ्यावे.

प्रथम खेळाविषयी. 'ग्रॅनी' हा मोबाईलवर फुकट मिळणारा खेळ 2017 साली आला. तो करणारा 'डीव्हीलोपर' या नावाने ओळखला जातो. खेळणाऱ्याला जाग येते ती एका अनोळखी घरातील अंधाऱ्या खोलीत. बाहेर पडण्यास पाच दिवस आहेत. पुढच्या दाराला एक नव्हे, अनेक कुलपे. एकाला किल्ली लागते, एकाला आकड्यांची खूण, फळी ठोकली आहे ती काढावयास हातोडी, तार तोडावयास पक्कड. या वस्तू घरभर लपविलेल्या असतात, आणि प्रत्येक नव्या डावात त्यांच्या जागा बदलतात. घरात एक म्हातारी फिरते, तिच्या हातात बॅट असते. ती फार वेगाने चालत नाही, पण तिला ऐकू मात्र सारे येते. काही पडले, दार वाजले, जमीन करकरली, की ती त्या दिशेने येते. तिने गाठले की एक दिवस गेला. पलंगाखाली किंवा कपाटात लपता येते. एवढाच खेळ. त्यात फारसे वाचावे लागत नाही, म्हणूनच की काय, आमच्या पूर्वभागात इंग्रजीचा गंध नसलेली मुलेसुद्धा तो सहज खेळतात.

यात खेळणारा पडद्यावर दिसत नाही, ही गोष्ट या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढेच आपल्याला दिसते. कादंबरीच्या भाषेत बोलावयाचे तर हे प्रथमपुरुषी निवेदन आहे. फरक इतकाच की कादंबरीतला 'मी' लेखकाचा असतो, इथला 'मी' ज्याच्या हातात मोबाईल आहे त्याचा. त्यामुळे "तो मेला" असे कुणी म्हणत नाही. लहान असो वा मोठा, प्रत्येक जण "मेलो" असेच म्हणतो.

मी वर्गातील, गल्लीतील आणि नात्यातील जे जे हा खेळ खेळतात त्यांना विचारीत गेले. ही काही पाहणी नव्हे. ज्यांना विचारले ते माझ्या ओळखीचे, आणि बहुतेकांनी आधी "तुला काय करायचंय गं?" असे मलाच विचारले. तरी एकदा बोलू लागले की थांबत नाहीत, हा अनुभव आला. परीक्षेविषयी इतके मनापासून बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

शेवटच्या बाकावरचा तो विद्यार्थी म्हणाला, "भीती म्हातारीची नाहीच. भीती आपल्या हाताची. फुलदाणी आपणच पाडतो." हे मत मला फार विचार करण्यासारखे वाटले. सिनेमात आपण नायिकेला "जाऊ नको" म्हणून मनात ओरडतो आणि ती जातेच. आपला इलाज नसतो. येथे जाणारे आपणच, दार उघडणारे आपणच. दार उघडले नाही तर म्हातारी बरेचदा येणारही नाही, पण मग सुटकाही नाही. म्हणजे भयाचे कारण आपल्या आळसाने टळू शकते आणि तरी आपण उठतो.

माझा एक चुलतभाऊ रात्रपाळीला टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. त्याचे मत अगदी वेगळे. तो म्हणाला, "हा खेळ आपल्या कामाचा नाही. ती कुठून येऊलालीये ते कानानं कळायला लागतं. दहा वर्षं मागाजवळ उभा राहिल्यावर कान कुठला राहतोय? मी दरवेळी पहिल्या दिवशीच मरतो." ज्याने यंत्रमागाची शेड आतून पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तेथे माणसे बोलत नाहीत, हातवारे करतात. 2019 साली या खेळाचा दुसरा भाग आला, त्यात म्हातारीबरोबर एक म्हाताराही आहे आणि त्याला कमी ऐकू येते. भावाला हे सांगितले तेव्हा तो पोट धरून हसला. म्हणाला, "तो आमच्यातला दिसतोय. कुठल्या कारखान्याला होता विचार."

या खेळात अशीही सोय आहे की म्हातारीला काढून टाकावयाचे आणि रिकाम्या घरात नुसता सराव करावयाचा. यावर मतांची मोठी गंमत झाली. मुलांपैकी बहुतेकांनी त्याला "बायकी" म्हणून हसण्यावारी नेले. पण अर्थशास्त्र घेतलेली माझी एक मैत्रीण फक्त तोच प्रकार खेळते. तिचे म्हणणे असे : "मला घर कळून घ्यायचं असतं. कुठलं दार कुठं उघडतं, कुठला जिना कुठं जातो. म्हातारी असली की घर दिसतच नाही, नुसतं पळणं होतं." मी तिला विचारले, मग भीती वाटतच नसेल? ती म्हणाली, "पहिल्या दिवशी सर्वांत जास्त वाटली. ती नाही हे माहीत असूनही मी कपाटात लपले होते." भरताने विभावांत शून्य घर का घातले असेल याचे उत्तर मला या वाक्यात मिळाले. घर शून्य असणे पुरते. त्यात कुणी असावेच लागते असे नाही.

जिला विचारले त्यांपैकी एक मुलगी तर चिडलीच. ती रोज गावाहून एस. टी.ने कॉलेजला येते. हिवाळ्यात परतताना फाट्यापासून घरापर्यंत अंधारात चालावे लागते. "मागं पावलं वाजतात, आपण वळून बघायचं नसतं, हातात किल्ली घट्ट धरायची. हे मी रोज फुकट खेळते," असे ती म्हणाली. यावर मला काही बोलता आले नाही. भीती ही गंमत वाटण्यासाठी ती मोबाईल बंद केल्यावर बंद व्हावी लागते, ही अट तिने मला न सांगता शिकविली. येथेच एक आठवण. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त भयानक रसाचा आश्रय स्त्रिया आणि नीच प्रकृतीची माणसे सांगितली आहेत. सरांनी हे वाचून दाखविले तेव्हा वर्गातील मुलांनी बाके वाजविली होती. ज्यांनी बाके वाजविली त्यांतील दोघे जण 'ग्रॅनी' रात्री एकट्याने खेळत नाहीत, हे त्यांनीच मला या लेखासाठी सांगितले आहे. नावे देत नाही.

आता कोड्यांविषयी. भीती आणि कोडे एका खेळात असावे की नसावे, यावर जगभरच्या खेळणाऱ्यांत जुना वाद आहे. 1993 साली अमेरिकेत 'मिस्ट' आणि 'द सेव्हन्थ गेस्ट' असे दोन खेळ निघाले. पहिल्यात ओसाड बेट, दुसऱ्यात खेळणी बनविणाऱ्या स्टॉफ नावाच्या माणसाचे झपाटलेले घर आणि खोलीखोलीत एकेक कोडे. तेव्हापासून काहींचे म्हणणे असे की कोडे सोडवावयास बसले की डोके थंड होते आणि भय पळते. काहींचे असे की कोड्यामुळेच माणूस त्या खोलीत थांबतो, एरवी तो केव्हाच निघून गेला असता.

दुसऱ्या मताचा एक विद्यार्थी आमच्या ग्रंथालयात भेटला. त्याला 'ग्रॅनी' पोरकट वाटते. तो 'द रूम' खेळतो. इंग्लंडमधील 'फायरप्रूफ गेम्स' या छोट्या मंडळीने 2012 साली हा खेळ काढला, त्याला 2013 साली तिकडचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला. अंधाऱ्या खोलीत टेबलावर एक पेटी, तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी. 'ए. एस.' अशी सही करणाऱ्या कुणा माणसाच्या चिठ्ठ्या सापडत जातात आणि तो हळूहळू कशाच्या तरी आहारी जात असल्याचे कळते. एक भिंग मिळते, त्यातून पाहिले की भिंतीवर आणि पेटीवर एरवी न दिसणारी अक्षरे दिसतात. मागे कुणी लागत नाही. वेळेचे बंधन नाही. अडले तर सूचनाही मिळते. या खेळावर नेहमीच्या दोन तक्रारी ऐकू येतात, एक म्हणजे तो फार लवकर संपतो, आणि दुसरी म्हणजे सूचना नको असताना मोह घालते. पुढचे भाग मोठे झाले, तेव्हा त्यात इकडून तिकडे हेलपाटे फार, अशी तक्रार सुरू झाली. खेळणाऱ्यांचे समाधान करणे प्राध्यापकांचे समाधान करण्याइतकेच अवघड दिसते.

हा खेळ मी त्याच्या मोबाईलवर तीन दिवस, रोज तासभर खेळले. पेटीचा खण सरकताना जो आवाज होतो तो ऐकून मला आमच्या घरातील जुन्या लोखंडी पेटीची आठवण झाली, जिची किल्ली वडिलांच्या करगोट्याला असे. पण तिसऱ्या दिवशी मी अडले ते कोड्यापाशी नव्हे, चिठ्ठीपाशी. चिठ्ठी इंग्रजीत होती, वळणदार अक्षरांत. कुलूप समोर, हातात भिंग, आणि शब्द कळेना. मी शब्दकोश काढला. ग्रंथालयाच्या त्या टेबलावर डाव्या हाताला शब्दकोश आणि उजव्या हाताला मोबाईल ठेवून मी चिठ्ठी लावीत होते, तेव्हा जी धडधड झाली ती खेळाची नव्हती. मला पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर आठवत होता. अर्थ लागला. त्या विद्यार्थ्याला मात्र वाटले की मी पेटीला भ्याले.

आपल्याकडे असले काही नव्हतेच, असे मात्र नाही. भूत आणि कोडे यांची जोडी आपल्याला नवी नाही. 'वेताळ पंचविशी' सर्वांना ठाऊक आहे. या कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त घेतल्या, आणि मराठीत त्या लहानांपासून थोरांपर्यंत वाचल्या गेल्या. स्मशान, खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि वेताळाच्या तोंडी कोडे. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील. बोललास तर मी पुन्हा झाडावर. आजच्या खेळांत कोडे सुटले की दार उघडते. येथे कोडे सुटले की राजा पुन्हा पहिल्या जागी. शेवटच्या कोड्याला त्याला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हा कुठे वेताळ प्रसन्न होतो. आजचा एकही खेळ मला इतका खट्याळ वाटला नाही.

आणि चकवा! रात्री रानात चकवा लागला की माणूस गोल गोल फिरत त्याच बाभळीपाशी येतो, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातील खेड्यात कुणी ऐकली नसेल असे नाही. चकव्याला रूप नाही, हात नाहीत, बॅट नाही. वाट हेच त्याचे शरीर. शिवाय चकव्याची गोष्ट सांगणारा बहुधा स्वतःचीच सांगतो. "मला लागला होता" असेच तिचे निवेदन असते. छापील वाङ्मयात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भय आणि गूढ मराठीत रुजविले हे सांगावयास नको. धारपांच्या एका कथेतून 'तुंबाड' या 2018 सालच्या चित्रपटाचे बीज दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना मिळाले. चित्रपट 2024 साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. त्यातही एक म्हातारी आहे, साखळीने बांधलेली, आणि रात्री तिच्याबरोबर एकटे राहिलेले पोर आहे. म्हणजे भय म्हटले की इंग्रजी खेळातही आजी आणि आपल्या सिनेमातही आजी. हे असे का, याचे उत्तर मी पुढे माझ्या परीने शोधले आहे; आधी सरांच्या प्रश्नाकडे वळते.

अभिनवगुप्ताने भयानक रसासाठी 'शाकुंतला'तील पहिल्या अंकातले हरीण घेतले आहे. दुष्यंताच्या बाणापुढे ते जिवाच्या आकांताने पळते आहे. अभिनवगुप्त म्हणतो ते थोडक्यात असे : प्रेक्षकाला येथे भयाचा प्रत्यय येतो, पण "मी भ्यालो" किंवा "हा माझा शत्रू, मित्र, तिऱ्हाईत भ्याला" असा तो नसतो. कोण, कुठे, केव्हा ही बंधने गळून पडतात आणि नुसते भय उरते. 'मी' मध्ये आला की विघ्न आले. मग सुखदुःख, पळून जाणे, हे सुरू होते आणि आस्वाद संपतो. यालाच साधारणीकरण म्हणतात.

आता हा नियम 'ग्रॅनी'ला लावून पाहा. येथे प्रेक्षक नाहीच. जो आहे तोच हरीण. "मी भ्यालो" ही जी गोष्ट अभिनवगुप्ताला नको आहे, तिच्यावरच सारा खेळ उभा आहे. तेव्हा शास्त्राप्रमाणे येथे रस नाही, केवळ भय आहे, असे म्हणून हा लेख मला दुसऱ्या पानावरच संपविता आला असता. पण मग ही मुले पुन्हा पुन्हा खेळतात का? नुसत्या भयाकडे कुणी परत जात नाही. कुत्रा चावलेल्या गल्लीने आपण पुन्हा जात नाही.

मी पाहिले ते असे. खेळताना कुणाचाही चेहरा आनंदी नसतो. ओठ दाबलेले, खांदे वर, अंगठे पांढरे पडलेले. म्हातारीने गाठले की किंकाळी, आणि त्यानंतर लगेच मान वर करून शेजाऱ्याकडे पाहणे. त्या पाहण्यात पहिले हसू येते. मग सांगणे सुरू होते : "अरे मी वर होतो, किल्ली हातात होती, नुसतं दार उघडायचं राहिलं होतं..." कॉलेजच्या दारावरच्या चहाच्या गाड्यावर हे रोज चालते. सांगणारा अभिनय करतो, म्हातारी होतो, जिना होतो. ऐकणारे श्वास रोखतात. ज्याने कधी तो खेळ हाती घेतला नाही, तोही. त्या वेळी भय कुणाचेच नसते. ज्याचे होते त्याचे तेही उरलेले नसते. माझे मत असे झाले आहे की खेळात भाव आहे, रस सांगण्यात आहे. खेळणाऱ्यांची मते म्हणून मी जे गोळा करीत हिंडले, ती खेळावरची टीका नव्हतीच. तोच खेळाचा उत्तरार्ध होता. सरांनी मोबाईल जप्त न करता त्याला उभे केले, तेव्हा बाकाखालचे भय वर्गाचे झाले, ते असे.

हे मत मी सरांना दाखविले. ते म्हणाले, "ठीक आहे, पण सांगितल्याने नेहमी असेच होते का, ते तपासा." ते तपासावयास मला दूर जावे लागले नाही.

आमची आजी आयुष्यभर विड्या वळत आली. आता तिला दिसत नाही. मोतीबिंदूचे एका डोळ्याचे झाले, दुसऱ्याचे राहिले. केस पांढरे, पाठ वाकलेली, हातात काठी. दुपारी ती दाराच्या उंबऱ्यावर बसते, कारण आत उजेड नाही. गेल्या दिवाळीपासून गल्लीतील पोरे तिला "ग्रॅनी" म्हणू लागली. एकाने मोबाईलवर खेळावयाचे, बाकीच्यांनी ऐकावयाचे, आणि मग सगळ्यांनी मिळून आमच्या दारासमोर डबा आपटून पळावयाचे. आवाज ऐकून ती मान वळविते की नाही ते पाहण्यासाठी. ती वळवी, कारण तिला वाटे कुणी आले. पोरे किंचाळत पळत. येथे खेळाला दोष देण्यात अर्थ नाही. खेळात ती म्हातारी खोटी आहे हे त्या पोरांना पुरते ठाऊक आहे. पण साधारणीकरण म्हणजे कोण, कुठे, केव्हा हे गळून पडणे. येथे उलट झाले, भय सुटे फिरत होते आणि त्याला एक घर नंबर मिळाला. मी एकदा दोघांच्या कानाखाली दिल्या. दुसऱ्या दिवशी डबा अधिक जोरात आपटला.

आजीला मी सांगितलेच नव्हते की ग्रॅनी म्हणजे काय. तिला वाटत होते ते इंग्रजीतून "आजी" म्हणतात, कौतुकाने. एका रात्री वीज गेलेली, मी चुलतभावाचा मोबाईल घेऊन खेळत होते, या लेखासाठी. ती म्हणाली, "काय बघलालीस गं एवढं?" मी सांगितले. सगळे सांगितले, कुलपे, पक्कड, पाच दिवस, बॅट. तिने शांतपणे ऐकले. मग तिने जे विचारले ते माझ्या एकाही खेळणाऱ्याने विचारले नव्हते.

"घर कुणाचं हाय?"

"म्हातारीचं."

"मग तिच्या घरात हे काय शोधतंय? तिला एकटीला ठिवून बाकीची गेली कुठं?"

मी म्हटले, आजी, तिनेच याला कोंडून ठेवलेय. ती म्हणाली, "असंल. पण आवाज आला की उठून बघायला येती म्हणतीस, तर येणारच की. मी न्हाई का येत?"

सिनेमातही आजी आणि खेळातही आजी, असे का, हे मी वर विचारले होते. मला वाटते, घरात सर्वांत जास्त वेळ जी असते, जिला दिसत कमी आणि ऐकू अधिक येते, जी रात्री जागी असते आणि काय बोलते ते लहानांना कळत नाही, ती लहान मुलाच्या दृष्टीने घराचा अंधार झालेली असते. त्यात तिचा अपराध काही नाही. पण हे कारण सापडले म्हणून डबा आपटणे थांबले नाही.

थांबले ते असे, आणि तेही अर्धवटच. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. रात्री पुन्हा वीज गेली. पोरे उंबऱ्यासमोर मोबाईलच्या उजेडात घोळका करून बसली होती, कारण आमच्या दारात वारा लागतो. आजी आतून म्हणाली, "मला चकवा लागला हुता, ठावं हाय का?" कुणी उत्तर दिले नाही. ती सांगू लागली. लग्नाआधीची गोष्ट, बाजाराहून परतताना अंधार पडलेला, डोक्यावर पाटी, आणि तीच बाभळ, तीच बाभळ, तीच बाभळ. तिने आवाज बदलला नाही, हातवारे केले नाहीत. मोबाईल कुणीतरी खाली ठेवला, त्याचा उजेड गेला, आणि कुणी तो पुन्हा लावला नाही. सर्वांत धाकट्याने विचारले, "मग भाईर कशी आलीस?" ती म्हणाली, "उजाडलं."

त्यानंतर त्यांतील तिघे-चौघे अधूनमधून येऊन बसतात आणि बाभळ पुन्हा सांगावयास लावतात. दोघे अजूनही डबा आपटतात. मी त्यांचीही मते घेतली, कारण लेख खेळणाऱ्यांच्या मतांवर आहे. त्यांतला थोरला सहावीत आहे. त्याला गोष्ट आवडली का, असे विचारले. तो म्हणाला, "भारी हाय. पण त्यात आपल्याला काही करायला येत न्हाई. नुसतं उजाडायची वाट बघायची." याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. अभिनवगुप्ताजवळ असेल तर तिसऱ्या वर्षी कळेल.